रिकामे पाऊल

संवत्सरी प्रतिक्रमणातील सर्वांत मोठा काउसग्ग 40 लोगस्सांचा आणि वर एका नवकाराचा. एका लोगस्साचे 25 श्वास, नवकाराचे 8, एकूण 1008. जव्हारमधील एका निवृत्त किराणा व्यापाऱ्यांनी तो ऐन तारुण्यापासून उभ्यानेच केला होता. दोन वर्षांपूर्वी मात्र सतराव्या लोगस्साला त्यांचा डावा गुडघा लटपटला आणि ते खाली बसले. अशक्तांना बसून काउसग्ग करण्याची मुभा आहेच. कोणी काही म्हटलेही नाही. पण दुसऱ्या दिवशी मिच्छामि दुक्कडम् करताना शेजाऱ्याची नजर त्यांच्या गुडघ्यावर गेली, ती त्यांना लागली.

मुलगी नाशिकला राहते. जव्हारहून मोखाडा, त्र्यंबकेश्वर असा घाटरस्ता ओलांडून ते तिच्याकडे गेले, तेव्हा तिने त्यांना ताई चीच्या वर्गात नेले. नियमित सरावाने वृद्धांचे पडणे कमी होते, असे अनेक चाचण्यांत आढळले आहे, एवढेच तिला ठाऊक होते. पप्पांना ठाऊक होते ते वेगळे : ही मुळात चीनमधील युद्धकला, तिच्यात ठोसे आहेत, आणि श्रावकाला ठोशांचे काय काम? शिक्षिकेने वाद घातला नाही. ‘आधी नुसते उभे राहा,’ ती म्हणाली.

पहिली पायरी तीच. पावले खांद्यांइतक्या अंतरावर, गुडघे किंचित सैल, हात जणू मोठ्या हंड्याला कवेत घेतलेले. जिनमुद्रेत पावलांच्या पुढच्या टोकांत चार अंगुळे अंतर असते, मागे त्याहून थोडे कमी. इथे ते जास्त होते, पण ती अडचण नव्हती. अडचण गुडघ्यांची होती. आयुष्यभर दुकानात उभे राहून आणि आयुष्यभर काउसग्ग करून त्यांनी गुडघे कुलूप लावल्यासारखे ताठ ठेवले होते. निश्चलता म्हणजे ताठरपणा, असा समज कधी रुजला, हे त्यांना सांगता येईना. वास्तविक काउसग्गापूर्वी म्हणावयाच्या अन्नत्थ सूत्रात श्वास, खोकला, शिंक, जांभई यांच्याबरोबर अंगाचा सूक्ष्म संचारही आगार म्हणून मोकळा ठेवला आहे. हे सूत्र त्यांना बालपणापासून पाठ होते. त्याच्या रचनाकारांनी माणसाला दगड व्हायला सांगितलेले नाही, हे त्यांच्या ध्यानात आले ते सत्तरीत, नाशिकच्या एका गच्चीवर.

दुसरी पायरी ची गाँगमधील आठ क्रियांची. तिच्या चिनी नावाचा अर्थच ‘रेशमी जरवस्त्राचे आठ तुकडे’. पुढे शिक्षिका सांगू लागली की, हात कोशातून रेशमाची तार ओढल्यासारखा फिरवा. हनान प्रांतातील चेन घराण्याच्या परंपरेत ही उपमा मुख्य मानली जाते. जे रेशीम त्यांच्या घरात जिवंत किडे उकळून होते म्हणून वर्ज्य, तेच मनात ओढत बसायचे! ते थांबले. मग त्यांना शाळेतली टकळी आठवली. पेळूतून सूत काढताना ओढ वाढली की धागा तुटतो, हात थबकला की गाठ पडते. ‘मी कापूस धरला तर चालेल?’ त्यांनी विचारले. चालले.

पण खरी शिकवण तिसऱ्या पायरीत होती. ती म्हणजे चालणे. पाऊल पुढे टेकवायचे, पण त्यावर भार टाकायचा नाही. सगळा देह मागच्या पायावर. पुढचे पाऊल रिकामे. नको वाटले तर उचलून मागे घेता आले पाहिजे. मग सावकाश भार पुढे न्यायचा. हे करायला त्यांना पाच महिने लागले. माणूस एरवी चालतो म्हणजे पुढे पडतो आणि पायाने स्वतःला सावरतो. हातून होणारी हिंसा बरीचशी या पडण्यातच घडते. ईर्यासमितीचा अर्थ साडेतीन हात जमीन पाहून चालणे, असा ते नातवंडांना सांगत आले होते. डोळ्यांनी पाहून काय उपयोग, जर पाऊल परत घेता येत नसेल? जूनमध्ये पहिल्या पावसानंतर जव्हारच्या वाटेवर मखमली लाल मृगाचे किडे निघाले, तेव्हा एकदा टेकलेले पाऊल त्यांनी भार पडण्याआधी उचलले. खाली किडा होता. तो चालू लागला.

आवणीच्या दिवसांत मोखाड्याकडे जाताना त्यांनी एसटीच्या खिडकीतून चिखलातली माणसे पाहिली. तीही पाय आधी रिकामा करून मगच चिखलातून काढत होती. चाळीस वर्षे त्यांना मीठ-तेल विकले. त्यांच्या पायांकडे पाहायचे राहून गेले.

चौथी पायरी 24 हालचालींच्या संचाची. चीनच्या क्रीडा विभागाने 1956 मध्ये जुन्या लांबलचक क्रमातून निवडून तो सर्वसामान्यांसाठी बांधला. संपूर्ण संच पाच-सहा मिनिटांत होतो. शिकायला मात्र शिक्षिका घाई करू देत नाही. ठोसा अजून आलेला नाही. आल्यावर काय करायचे, हे त्यांनी ठरवलेले नाही.

यंदाच्या संवत्सरीला ते उभे राहिले. मागे कोणीतरी न विचारता खुर्ची आणून ठेवली होती. एकतिसाव्या लोगस्साला डावा गुडघा थरथरला. भिंत हाताच्या अंतरावर होती, पण टेकून उभे राहणे हा काउसग्गाच्या 19 दोषांपैकी एक. त्यांनी पाऊल न उचलता डाव्या पायातला भार हळूहळू काढून उजव्यात नेला, तो पाय रिकामा होऊ दिला आणि पुढचा लोगस्स धरला. खुर्ची तशीच राहिली.

तो संचार सूक्ष्म होता की दोषात मोडतो, हे त्यांना महाराजसाहेबांना विचारायचे आहे. नाशिकच्या वर्गात बाराव्या हालचालीला सुरुवात झाली आहे.