सिकलसेल : लेकरांच्या रक्ताला जात चिकटवू नका

सिकलसेलला कुणी 'महारांचा आजार' म्हटले की आमचे कार्यकर्ते चिडतात. चिडणे योग्यच आहे, पण तेवढ्यावर थांबून आमची लेकरे वाचणार नाहीत.

विदर्भात हा आजार बौद्ध आणि आदिवासी समाजात जास्त आढळतो, हे आम्ही नाकारत नाही. पण तो आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, भूमध्य समुद्राकाठीही आहे. त्याचा जनुक टिकला तो मलेरियामुळे, कारण वाहकाला गंभीर मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. यात मागच्या जन्माचे पाप कुठे आले?

जातीचा संबंध आहे, तो वेगळा. जातीतल्या जातीत लग्न हेच जातीचे मर्म, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठातील निबंधात मांडले. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. लग्नाचे वर्तुळ जितके लहान, तितकी दोन वाहकांची गाठ पडण्याची शक्यता मोठी. म्हणजे ज्या व्यवस्थेने आम्हाला कोंडले, तिनेच हा आजारही आमच्यात कोंडला.

१ जुलै २०२३ रोजी केंद्राने २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू केले. तपासणी करा, कार्ड घ्या, लग्नाआधी कार्ड जुळवा, असे सांगितले जाते. ठीक आहे. पण आज पाळण्यात असलेल्या बाळाचे काय? बालरोगशास्त्राकडे त्याचे उत्तर आहे. जन्मताच तपासणी करायची, कारण पहिले काही महिने गर्भातले हिमोग्लोबिन बाळाला सांभाळते आणि आजार दिसत नाही. पुढे पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन, न्यूमोकोकसची लस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सीयुरिया. प्लीहा अचानक वाढली तर ती पोट चाचपून ओळखायला आईला शिकवायचे. यातले बहुतेक उपाय मोठ्या शहरातल्या इस्पितळाशिवाय होऊ शकतात.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. सिकलसेलच्या पट्ट्यात प्रत्येक नवजात बाळाची तपासणी करा, मग ते आदिवासी असो, बौद्ध असो की ओबीसी. औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा महिने ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी आजारी लेकराला खेटे घालायला लावू नका.

आणि समाजबांधवांनो, तपासणी लपवू नका. वाहक असणे हा कलंक नाही. कलंक आहे तो औषध असूनही मूल दगावण्याचा.

जयभीम!