ब्रोआ परदेशात भाजताना

परदेशात राहणारा पोर्तुगीज माणूस घरी ब्रोआ हा मक्याचा पाव भाजायला घेतो, तेव्हा पहिली तक्रार पिठाची असते: तिकडचा मका इथे मिळत नाही, मग ही ब्रोआ खरी कशी? मला ही तक्रार पटत नाही. उत्तर पोर्तुगालच्या या पावातला मका मुळात अमेरिकेचा. कोलंबसाच्या १४९२च्या सफरीआधी पोर्तुगालमध्ये तो कोणाला ठाऊकही नव्हता. पावाची ओळख टिकते ती कृतीमुळे. मक्यात ग्लुटेन नसतं, म्हणून पिठावर उकळतं पाणी ओततात, तांदळाच्या भाकरीसाठी आपण उकड काढतो तसंच. कोमट झाल्यावर राय किंवा गव्हाचं पीठ आणि आंबवण मिसळायचं, गोळा पिठात घोळवून कडक तापलेल्या भट्टीत सरकवायचा. वर जाड, तडकलेलं कवच आणि आत दमट, जड गर आला की ब्रोआ झाली.

मग कशालाही ब्रोआ म्हणायचं का? नाही. बेकिंग पावडरवर फुगवलेला मक्याचा गोड केक ब्रोआ नव्हे, कारण तिथे कृतीच बदलली. साहित्य बदलण्याची रीत मात्र जुनीच आहे. गोव्यात पोर्तुगीजांनी यीस्टची उणीव माडाच्या सुरेने भरून काढली आणि पोदेरांनी, म्हणजे पाववाल्यांनी, तो पाव घरोघर पोचवला. १८७८पासून मदेरा आणि अझोर्स या पोर्तुगीज बेटांवरचे मजूर हवाईच्या ऊसमळ्यांवर गेले. तिथेही त्यांनी भट्ट्या बांधल्या आणि त्यांचा गोड पाव आज हवाईचाच मानला जातो. चव थोडी बदलते, हे मान्य. तरी पीठ जिथे राहता तिथलंच घ्या. उकडीत मात्र कसूर करू नका.