पायातला खडा

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात कोणी चारचौघांपेक्षा जरा निराळे वागू लागले की, "ह्याला आता रत्नागिरीला पाठवायला हवं" असे म्हणून हसण्याची जुनी रीत आहे. ठाण्याकडचे लोक ठाण्याचे आणि पुण्याकडचे लोक येरवड्याचे नाव ज्या अर्थाने घेतात, त्याच अर्थाने. रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ सालचे. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी ते एक. इतक्या पिढ्यांचे दुःख ज्या वास्तूने पोटात घेतले तिचे नाव आपण शिवीसारखे वापरतो, हे एक असो. पण हे बोलणे लहान मुले ऐकतात. पुढे त्यांच्यापैकीच एखाद्याच्या मनाला दुखणे जडते, आणि डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आली की हेच बोलणे दारात आडवे येते.

दापोलीतील एका कुटुंबाविषयी आम्ही लिहीत आहोत. त्या मुलाने व त्याच्या आईवडिलांनी हा लेख छापण्यापूर्वी वाचला आहे, आणि ओळख पटेल असे तपशील आम्ही बदलले आहेत. पापनिवेदनात ऐकलेले ह्यात काही नाही. तसे असूच शकत नाही, हे वाचकांस सांगावयास नको.

आईची पहिली तक्रार पाण्याची होती. रविवारच्या मिस्सानंतर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "फादर, सकाळी आठ वाजताच टाकी रिकामी होते हो." एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पाण्याचे काय हाल असतात हे दापोलीकर जाणतात, म्हणून आम्ही प्रथम टँकरविषयी बोलू लागलो. मग हळूहळू उलगडा झाला. दहावीत गेलेला मुलगा न्हाणीघरात दीड-दीड तास असे. हातांची कातडी फुटून त्यांवर रेघा पडल्या होत्या. दाराची कडी तो कोपराने उघडी. वहीत एक ओळ लिहून ती खोडी, पुन्हा लिही, पुन्हा खोडी, आणि कागदास भोक पडे. चाचणी परीक्षेत पेपर अर्धे कोरे राहिले. रात्री मात्र तो दोन-दोन तास गुडघे टेकून प्रार्थना करी. एखादा शब्द अडखळला की पहिल्यापासून आरंभ.

घरात प्रत्येकाने ह्याचा आपापला अर्थ लावला होता. आजीला वाटे, नातू देवाचा माणूस होणार. "हा फादर होईल बघ," असे ती शेजारीपाजारी सांगे. वडील आखातात नोकरीला. ते फोनवरून म्हणत, "अभ्यास टाळायची नाटकं आहेत, मोबाईल काढून घे." शाळेत शिक्षकांस तो आळशी वाटे. मुलाला स्वतःला काय वाटते हे कोणी विचारले नव्हते, आणि विचारले असते तरी त्याने सांगितले नसते.

ह्या दुखण्याला मराठीत जुना, नेमका शब्द आहे: मंत्रचळ. डॉक्टर त्याला ओ.सी.डी. म्हणतात. मनात नको असलेला विचार घुसतो, जीव घाबरा होतो, आणि तो विचार पुसण्यासाठी माणूस काहीतरी पुन्हा पुन्हा करीत राहतो. धुतो, मोजतो, तपासतो, प्रार्थना म्हणतो. तेवढ्यापुरते बरे वाटते, म्हणूनच पुढच्या वेळी ते अधिक करावे लागते. हा आजार पुष्कळदा लहानपणी किंवा किशोरवयातच सुरू होतो आणि वर्षानुवर्षे लपविला जातो. एकंदर मनोविकारांचे म्हणाल तर २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलामुलींत काही ना काही मानसिक विकार आढळला होता. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात जवळजवळ तीन. दापोलीत शाळा किती, वर्ग किती, हा हिशोब वाचकांनी करावा.

उपजिल्हा रुग्णालयात हातांना लावावयास मलम मिळाले आणि तिथेच, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, असा सल्लाही मिळाला. गाठ पडली ती इथे. तज्ज्ञांचा दवाखाना रत्नागिरी शहरात, साधा, बाजारपेठेतला. मनोरुग्णालयाशी त्याचा संबंध नाही. पण गावाचे नाव ऐकताच मुलाने दार लावून घेतले. "मी वेडा नाही. मी येणार नाही." दोन दिवस तो जेवला नाही.

मग सल्ले सुरू झाले. एका नातेवाइकाने भगताचे नाव सुचविले. दुसऱ्याने, मुलाला बाहेरचे झाले आहे, आम्हीच काहीतरी करावे, असे सुचविले. ह्याबाबत ख्रिस्तसभेची शिकवण स्वच्छ आहे. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथातील १६७३वा परिच्छेद सांगतो की मानसिक आजार ही निराळी गोष्ट असून तिचा उपचार वैद्यकशास्त्राचा विषय आहे, आणि भूतनिरसनापूर्वी आजार नाही ना ह्याची खात्री करणे महत्त्वाचे आहे. महागुरुस्वामींच्या स्पष्ट परवानगीविना कोणत्याही धर्मगुरूला तो विधी करता येत नाही. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा तर आपल्या राज्यात २०१३ च्या कायद्यान्वये गुन्हाच आहे. मात्र ह्यापेक्षाही साधा आणि म्हणूनच अधिक मोहात पाडणारा सल्ला तिसराच होता. मुलाला सांगा, चष्म्याचा नंबर काढायला जाऊ. एकदा दवाखान्यात बसला की बसला.

आम्ही ह्या सल्ल्याला निक्षून विरोध केला. खोटे बोलू नये हे तर आहेच. पण कारण त्याहून व्यवहारी होते. मंत्रचळाचे निदान रक्त तपासून होत नाही, छायाचित्र काढून होत नाही. ते मुलाच्या तोंडून होते. डॉक्टरांसमोर त्याने तोंड उघडावे म्हणून तर हा सारा खटाटोप. फसवून आणलेला मुलगा तिथे मुकाट बसेल आणि फसवणारी आई कायमची हातची जाईल. एक अपवाद आम्ही त्या माउलीला स्पष्ट सांगितला. मुलगा मरणाची भाषा करू लागला, स्वतःस इजा करू लागला, अन्नपाणी सोडून बसला, तर त्याच्या होकाराची वाट पाहावयाची नाही. त्याच दिवशी, सांगून-सवरून, रुग्णालयात न्यावयाचे.

"मग मी करू काय?" असे त्यांनी विचारले. त्याचे उत्तर आमच्यापेक्षा चांगले फोनवर मिळाले. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेलिमानस ही सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक. फोन विनामूल्य, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येते. तिथल्या समुपदेशक बाईंनी सुचविले: मुलगा येत नसेल तर आधी तुम्ही जा. ही गोष्ट पुष्कळ पालकांना सुचत नाही. आजारी माणसाला घेतल्याविना डॉक्टरांकडे काय जायचे, असे त्यांना वाटते. ह्या माउली एकट्या गेल्या, आणि जाण्यापूर्वी मुलाला सांगून गेल्या: "तुझ्याविषयी विचारायला जाते आहे. तू येऊ नकोस." दापोलीहून रत्नागिरी म्हणजे एस.टी.चा जवळजवळ अर्धा दिवस. संध्याकाळी परतल्यावर मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याने एकच प्रश्न केला, "ठेवून घेतात का तिथे?"

हा प्रश्न म्हणजे नकार नव्हे, हे आईने ओळखले. त्याला खरे उत्तर हवे होते, आणि ते देता येण्याजोगे आहे. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाला दाखल करण्यापूर्वी दोन जाणकारांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते, आणि त्यांतला एक तरी मानसोपचारतज्ज्ञ असावा लागतो. दाखल केलेच तर त्याला मोठ्या माणसांपासून वेगळे ठेवावे लागते आणि पालक वा त्यांचे माणूस सबंध काळ सोबत राहते. हिंदी चित्रपटांतून मुलांच्या डोक्यात बसलेला विजेचा झटका लहानांना देण्यास मनाई आहे. अपवाद करावयाचा तर पालकांची संमती आणि मंडळाची पूर्वपरवानगी लागते. आईने हे सारे एका कागदावर लिहून आणले होते. तो कागद मुलाने आपल्या खोलीत नेला.

तरीही महिना गेला. अडले होते ते निराळ्याच ठिकाणी, आणि त्याचा अंदाज आम्हांला सेमिनरीतील नीतिशास्त्राच्या तासांमुळे होता. लॅटिनमध्ये स्क्रुपुलुस म्हणजे अणकुचीदार बारीक खडा, चपलेत शिरून पावलोपावली टोचणारा. जिथे पाप नाही तिथे पाप दिसणे ह्या व्यथेला ख्रिस्तसभेने त्यावरून नाव दिले. संत इग्नेशियस लोयोला ह्यांनी १५२२ साली माँटसेराट येथे तीन दिवस चाललेले, लिहून काढलेले पापनिवेदन केले. तरीही काही राहून गेले असावे ही शंका मानरेसा येथे त्यांस इतकी छळू लागली की खोलीतील भगदाडातून स्वतःस झोकून द्यावे असा मोह त्यांना पुन्हा पुन्हा होई. तलवारीस न भ्यालेला हा सरदार! पुढे आपल्या 'आध्यात्मिक साधने'त त्यांनी ह्या शंकांविषयी स्वतंत्र टिपणे लिहिली. अशा माणसाला "अधिक प्रार्थना कर" म्हणणे म्हणजे तहानलेल्यास खारे पाणी पाजणे होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चर्चच्या आवारातील पालापाचोळा गोळा करताना आम्ही ही गोष्ट त्या मुलाला सांगितली. त्याच्याविषयी अक्षर काढले नाही. बराच वेळ तो काठीने माती उकरीत राहिला. मग म्हणाला, "फादर, त्यांना विचार कसले यायचे? घाणेरडे? चर्चमध्ये असतानाच?"

"घाणेरडे विचार पुष्कळांना येतात, आणि बहुधा जिथे येऊ नयेत तिथेच," आम्ही म्हणालो. "ते विचार माणूस बोलावत नाही."

"डॉक्टरना ते सांगावे लागतात?"

आता सारा नकार उलगडला. त्याला भय वेडा ठरण्याचे होते त्याहून अधिक वाईट ठरण्याचे होते. जो विचार पुसण्यासाठी तो हात सोलून काढीत होता, तोच परक्या माणसापुढे उच्चारावा लागणार होता, तोही आईच्या देखत.

त्याने तीन अटी घातल्या: आई बाहेर बसेल, शाळेत कळणार नाही, आणि एकदाच. आईने पहिल्या दोन मान्य केल्या. तिसरीविषयी तिने वचन दिले नाही. डॉक्टर काय म्हणतात ते पाहू, इतकेच म्हणाली. तो गेला.

पुढचे त्यानेच सांगितले. डॉक्टरांनी विचार सांग असे म्हटलेच नाही. त्यांनी एक प्रश्नावली काढली. येल-ब्राउन ह्या नावाची ही मोजपट्टी १९८९ पासून वापरात आहे, आणि तिची मुलांसाठीची आवृत्तीही आहे. तीत असे विचार यादीने छापलेले असतात: घाण, जंतू, कोणास इजा होईल ही भीती, देवाविषयीचे अभद्र विचार. "वाच आणि तुझे असतील तिथे खूण कर." त्याने खूण केली. "फादर," तो आम्हांला म्हणाला, "ते छापलेलं होतं." आपले सर्वांत काळे गुपित कोणीतरी अमेरिकेत आधीच छापून ठेवले आहे, ह्याचे त्याला इतके नवल वाटले की परतीच्या एस.टी.त तो आईशी चिपळूण येईपर्यंत बोलत होता.

उपचार सावकाश चालतो. औषधाचा गुण दिसावयास दोन-तीन महिने लागतात. त्याच्या जोडीला सराव: कडीला हात लावावयाचा आणि धुवावयाचा नाही, भीती चढते, तशी थांबले तर उतरते, हे अंगानेच शिकावयाचे. आमच्या वाट्यालाही डॉक्टरांनी एक काम दिले आहे. "हे पाप आहे का?" असे त्याने विचारले तर एकदा उत्तर द्यावयाचे. तोच प्रश्न दुसऱ्यांदा आला तर नाही. हे दिसते तितके सोपे नाही. मुलाचा चेहरा पाहून गप्प बसणे धर्मगुरूला फार जड जाते.

वडिलांनी रजा घेऊन दुसऱ्या भेटीस हजेरी लावली. डॉक्टरांकडून बाहेर पडल्यावर ते रस्त्यात काही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी न्हाणीघराच्या दाराची बिघडलेली कडी बदलली. आजीची समजूत काढणे सर्वांत अवघड. नातवाच्या लांब प्रार्थनेचे कौतुक करू नका, असे सांगितल्यावर ती आमच्यावरच रुसली. "मग देवाचं नाव घ्यायचं बंद करायचं का, फादर?" तिला उत्तर नातवानेच दिले: "बंद नाही गं आजी, एकदाच घ्यायचं. चुकलं तर पुढे जायचं."

आजीला ते अजून पटलेले नाही. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.