लॉकरचे पैसे टायरात

लांबच्या वाटेला निघणाऱ्या गाडीत डिफ्रन्शियल लॉक हवाच, हे मत मी इतकी वर्षं इतक्या जणांच्या गळी उतरवलं आहे की आता ते बदललं हेही तितक्याच मोठ्याने सांगायला हवं. माझी थार 2015 च्या आधीची, म्हणजे कारखान्यातून लॉकरशिवाय आलेली. मागच्या डिफ्रन्शियलच्या हाउसिंगमध्ये एअर लॉकर बसवायचा आणि मगच गाडीचं तोंड स्पितीकडे करायचं, असं ठरवून पैसे बाजूला काढले होते. ते पैसे दुसरीकडे गेले.

ही भानगड काय ते आधी थोडक्यात. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. एका अॅक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देण्याचं काम डिफ्रन्शियल करतं. खोच अशी की ते दोन्ही चाकांना जोर मात्र सारखाच देतं. एक चाक हवेत लटकलं किंवा शेवाळलेल्या गोट्यावर आलं, की त्याला गरगर फिरवायला जेवढा जोर पुरतो तेवढाच दुसऱ्याच्या वाट्याला येतो. म्हणजे जवळपास शून्य. सगळी ताकद घसरत्या चाकाकडे पळते, असं गॅरेजात म्हणतात. खरं म्हणजे घसरतं चाक दुसऱ्याचीही मर्यादा ठरवतं. लॉक लागला की दोन्ही चाकं सक्तीने एका गतीने फिरतात, आणि ज्याची जमिनीवर पकड आहे ते गाडी बाहेर ओढतं.

कागदावर यात खोडण्यासारखं काही नाही. फक्त एक अट आहे: एका चाकाला तरी पकड हवी. वणी तालुक्यात आषाढात तीच मिळत नाही.

आमची जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या जोरदार पावसात तीच माती पाणी पिऊन फुगते. पांदणीत गाडी घातली की पहिल्या दहा-वीस फुटांतच टायरच्या खाचा मातीने भरतात, आणि नक्षी कितीही खोल असो, टायर गुळगुळीत होतो. मग चारही चाकं सारखीच फिरतात. त्यात लॉक लावला तर उलटा घोटाळा. पांदण मधे फुगलेली, दोन्ही बाजूंना उतार. मागची दोन्ही चाकं एकदम घसरली की गाडीचा मागचा भाग सरळ नालीत जातो. लॉक नसताना निदान एक चाक न घसरता फिरत राहतं आणि गाडीला थोडी दिशा देतं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. लॉकरसाठी गाडी दाखवायला नेली तेव्हा मिस्त्रींनी हाउसिंगला हातही लावला नाही, आधी विचारलं, "तुमची गाडी फसते कुठं?" मी आठवून सांगत गेलो. सगळ्यात जास्त वेळा पांदणीत, पावसाळ्यात. मग पैनगंगेच्या रेतीत. झरीकडच्या एका नाल्यात, मोठ्या गोट्यांवर, चाक अधांतरी राहून. तेव्हा तिथे ट्रॅक्टरचं काम घेऊन आलेले एक काका मधेच बोलले, "दोन्ही चाकं घसरून राह्यले ना भाऊ, मंग लॉक काय करन?"

काकांचा शब्द मी हलका धरला नाही, कारण डिफ लॉक त्यांच्या रोजच्या वापरातला. आपल्याकडच्या ट्रॅक्टरला त्याचं पॅडल बहुधा असतंच. शिवाय ट्रॅक्टरला डावा-उजवा ब्रेक वेगळा असतो. एक चाक रिकामं फिरायला लागलं की सराईत चालक त्याच बाजूचा ब्रेक दाबतो. त्या चाकाला फिरायला जास्त जोर लागतो, आणि तेवढाच वाढीव जोर आपोआप दुसऱ्याला मिळतो. 2020 ची थार किंवा जिम्नी सेन्सर लावून चाकाला ब्रेक मारते, त्यातलं तत्त्व हेच. माझ्या जुन्या गाडीला सेन्सर नाही, पण हँडब्रेक दोन-तीन खटके ओढून थोडाफार परिणाम साधता येतो. लॉक आणि वेगळे ब्रेक, ही दोन्ही हत्यारं हाताशी असूनही काकांसारखा माणूस वाफसा झाल्याशिवाय वावरात ट्रॅक्टर घालत नाही. ओल्या दिवसांत गाडी डांबरी रस्त्याला ठेवतो आणि वावरात पायी नाहीतर बंडीने जातो.

काळी माती काही विदर्भाचीच मिरास नाही. ऑस्ट्रेलियातही तिचे मोठे पट्टे आहेत, आणि जगभर नावाजलेला एअर लॉकर विकणारी एआरबी ही कंपनी त्याच देशातली. तिथे जोराचा पाऊस झाला की आतल्या भागातले मातीचे रस्ते प्रशासन सरळ बंद करतं. बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड बसतो. गाडीला लॉकर आहे म्हणून कोणी सूट देत नाही.

रेतीचं तर त्याहून सोपं. पैनगंगेच्या पात्रात गाडी बसते ती टायरमध्ये रस्त्यावरची हवा तशीच ठेवल्यामुळे. हवा उतरवली की टायर पसरतो, रेतीवर तरंगतो आणि बहुतेक वेळा गाडी स्वतःच निघते. त्यासाठी लागतो हवेचा मीटर आणि परत भरायला छोटा कॉम्प्रेसर.

राहिला झरीचा नाला. तिथे लॉकर असता तर गाडी नक्की निघाली असती, आणि इंजिन न ओरडवता, हळू, अॅक्सलला हिसके न देता निघाली असती. लॉकरचं खरं राज्य हे: दगडधोंडे, आडवेतिडवे खड्डे, जिथे एक पुढचं आणि तिरक्या बाजूचं मागचं चाक एकाच वेळी हलकं होतं. अशा वाटांवर मुद्दाम जाणाऱ्यांशी माझा वाद नाही. फोर्स गुरखात पुढे आणि मागे, दोन्हीकडे चालकाच्या हातचे लॉक मिळतात, आणि सह्याद्रीच्या दगडी घाटवाटांवर त्यांचं चीज होतं. महिंद्राच्या काही थारमध्ये मागे मिळणारा यांत्रिक लॉक स्वतःच लागतो, दोन चाकांच्या फिरण्यात ठरावीक फरक पडला की. वेग वाढला की स्वतःच सुटतो. आमच्या टिळक चौकात रविवारी उभ्या राहणाऱ्या काही थारांचा लॉक मात्र आयुष्यात एकदाही लागलेला नसावा. असो.

पण दूरचा प्रवास म्हणजे दगड चढण्याची शर्यत नव्हे. मनालीहून स्पितीतल्या काझाला जाणारा रस्ता मोठ्या टप्प्यात कच्चा, जागोजागी ओढे ओलांडत जाणारा. पण तो उघडा असतो त्या महिन्यांत हिमाचल परिवहनची साधी, मागच्या चाकांवर चालणारी बस तिथून जाते. भामरागडला पर्लकोटा नदीचं पाणी पुलावरून वाहायला लागलं की चारही चाकं लॉक करणाऱ्या गाडीलाही अलीकडेच थांबावं लागतं. दोन्ही ठिकाणी निर्णय हवामानाचा आणि घाई न करण्याचा आहे.

मत फिरायला आणखी एक कारण आहे, आणि ते गाडीच्या पोटातलं. साध्या डिफ्रन्शियलमध्ये दोन्ही हाफ शाफ्टवर जोर निम्मा-निम्माच येतो. लॉक लागला आणि एकच चाक पकडीत असलं की सगळा जोर एकाच शाफ्टवर. टपावर सामान, मागे पाण्याचे कॅन, जास्तीचं डिझेल, भरलेली गाडी, आणि वरून कोणी जोरात अॅक्सिलरेटर दाबला तर शाफ्ट तुटू शकतो. वणीत तुटला तर नागपूर-चंद्रपूरहून सामान मागवता येईल. स्पितीत तुटला तर प्रवास तिथेच संपला. त्यात जुनी हाउसिंग उघडून नवा लॉकर बसवायचा तर क्राऊन-पिनियनची जुळणी पुन्हा करावी लागते. ती किंचित चुकली तरी डिफ्रन्शियल आधी रडायला लागतं आणि मग खराब होतं. लांबच्या प्रवासाला निघण्याआधी चांगला चाललेला भाग खोलायला माझं मन आता धजत नाही.

एकट्याने जाणाऱ्याला तरी लॉकर हवा, असं काही मित्र म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण लॉकर असलेला एकटा माणूस अडकतो तो आणखी दहा पावलं आत जाऊन. मी तो पैसा दुसऱ्या गाडीवाल्या सोबत्याच्या डिझेलला द्यायला तयार आहे.

तर ते बाजूला काढलेले पैसे असे गेले: ऑल टेरेन टायरांचा पूर्ण संच, स्टेपनीसकट, कॉम्प्रेसर, ओढायचा चांगला पट्टा आणि शॅकल, एक नीट फावडं. पांदणीसाठी काही घ्यावं लागलं नाही, धुऱ्यावरच्या पऱ्हाट्या चाकाखाली घातल्या तर अजूनही तेवढंच काम करतात.

माझ्या जुन्या सल्ल्यावर कोणी हाउसिंग उघडायला निघालं असेल, तर थांबा. नवी गाडी घेताना लॉक तिच्यात आयताच येत असेल तर बिनदिक्कत घ्या. त्याच्यासाठी धडधाकट जुनी गाडी खोलू नका; आधी टायरची कडा बघा, तिथे चार आकड्यांत बनावटीचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. ते जुनं निघालं तर लॉकरचा विचार पुढच्या वर्षी करा.