घसाऱ्याचं पुढं काय होतं

चाळिशीच्या आसपास घराला उंच गाडी हवीशी वाटू लागते. मुलांचे पाय लांब होतात, आईवडिलांच्या गुडघ्यांना सेडानमध्ये वाकून शिरणं नकोसं होतं, गावाकडून निघताना डिकी पुरत नाही. नेमकी याच वेळी सहा-सात वर्षं वापरलेली मर्सिडीज जीएलसी, बीएमडब्ल्यू एक्स-३ किंवा ऑडी क्यू-५ नव्या फॉर्च्युनरपेक्षा बऱ्याच कमी पैशांत दिसते. घसारा पहिल्या मालकाने सोसला, आता मजा आपली, असा हिशेब जमतो. मला तो अर्धाच पटतो. जुन्या फॉर्च्युनरचा भाव हट्टाने टिकतो (पुढाऱ्यांच्या हौसेचाही त्यात वाटा असेलच) आणि तेवढ्याच वयाची जर्मन गाडी मात्र झपाट्याने उतरते. कुठल्या गाडीत आराम जास्त, हे बाजाराला कळत नाही थोडंच! पुढच्या पाच वर्षांची बिलं त्याने आजच्या भावातून आधीच वजा केलेली असतात. आपण जिला सूट समजतो, ती येणाऱ्या खर्चापोटी मिळालेली उचल असते.

विम्याचं कोष्टक पाहा. विम्यासाठी धरायची गाडीची किंमत पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षभरात १५ आणि पाचव्या वर्षाअखेर ५० टक्के घटते. सुट्या भागांना असं कोष्टक नाही. किंमत अर्धी झालेल्या गाडीलाही एलईडी हेडलॅम्प नव्या गाडीच्याच दराने घ्यावा लागतो, आणि झिरो डेप पॉलिसी बहुधा याच सुमारास मिळेनाशी होते. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनसही त्याच्याचबरोबर जातो. यंत्राचीही तीच तऱ्हा. बीएस-६ डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ असतो. एक्झॉस्ट पुरेसा तापला की ती काजळी जळते; शाळा-ऑफिसच्या छोट्या फेऱ्यांत तो तापतच नाही आणि फिल्टर तुंबतो. एक्स-३ मधल्या झेडएफच्या आठ गिअरच्या गिअरबॉक्सचं तेल बदलायची गरज नाही असं गाडीवाल्यांकडून सांगितलं जाई. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान ते बदलायला सांगते. पहिला मालक बहुतेक त्याआधीच गाडी विकून मोकळा झालेला असतो.

यावर सुरक्षिततेचा मुद्दा पुढे केला जातो, आणि तो पोकळ नाही. २०१५ च्या जीएलसीला आणि २०१७ च्या एक्स-३ ला युरो एनकॅपचे पाच तारे मिळाले होते. पण २०२१ मध्ये महिंद्रा एक्सयूव्ही-७०० आणि २०२३ मध्ये टाटा हॅरिअर, सफारी यांनीही ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवले. दोन्ही चाचण्यांचे निकष वेगळे आहेत, तरी सुरक्षित गाडी म्हणजे परदेशीच, हे आता खरं राहिलेलं नाही. दुसरा आक्षेप सर्व्हिस रेकॉर्डचा: ते पूर्ण असेल तर भीती कसली? रेकॉर्डवरून मागची काळजी कळते, पुढचा खर्च काही टळत नाही. एक्स्टेंडेड वॉरंटीने तो बांधला जातो, म्हणून अशी वॉरंटी मिळणारी तीन-चार वर्षांची गाडी महाग असूनही मला स्वस्त वाटते. उलट दिल्लीहून आलेली डिझेल गाडी दिसायला स्वस्त असते. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आलेल्या बंधनांनी भाव पाडले. पण एनओसी, इथला कर आणि नवा नंबर यांचा खर्च धरला की फरक आटतो.

भाव आपल्या हातातही नसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवरचा कर सेससह ५० टक्क्यांवरून ४० वर आला, तेव्हा नव्या गाड्या स्वस्त झाल्या आणि पार्किंगमध्ये नुसत्या उभ्या असलेल्या जुन्या गाडीच्या किमतीलाही ओढ लागली. शिवाय घराचंही वय वाढतंच. आज सहा वर्षांची गाडी घेतली, तर तिचं सस्पेन्शन बोलायला लागेल तेव्हा सातवीतला मुलगा बारावी ओलांडून कॉलेजच्या फीच्या रांगेत असेल. हे ओझं पेलणारी घरं आहेतच. समृद्धी महामार्गाने नागपूर-मुंबईचं ७०१ किलोमीटरचं अंतर वरचेवर कापणाऱ्याच्या डिझेल गाडीचा डीपीएफ सहसा तुंबत नाही, आणि तिथे त्या सीटची आणि शांत केबिनची किंमत वसूलही होते. पुण्यात कोथरूड ते डेक्कन एवढंच फिरणाऱ्याने मात्र पेट्रोल घ्यावी, ठरवलेल्या पैशांतले चौथाई पहिल्या दोन वर्षांच्या कामांसाठी बाजूला ठेवावेत, आणि उरलेल्या पैशांत जीएलसी बसत नसेल तर नवी एक्सयूव्ही बुक करावी.