खंड

शिक्षणात खंड पडला असेल तर प्रवेशाच्या अर्जासोबत एक प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. आमच्या धंद्यात त्याला सगळे ‘गॅप सर्टिफिकेट’ म्हणतात. मजकूर ठरलेला. मी अमुक साली बारावी उत्तीर्ण झाले, त्यानंतर कोठेही प्रवेश घेतला नाही, या काळात मी घरीच होते. जवळा बाजारातल्या माझ्या झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात हा मजकूर मी इतक्यांदा टाइप केलाय, की बोटं आपसूक चालतात. नाव आणि साल तेवढं बदलायचं. यंदा नावाच्या जागी माझंच नाव टाकलं आणि ‘घरीच होते’पाशी बोटं अडली.

पंधरा वर्षं. त्यात दोन लेकरं झाली, शेतातली हळद दर साली शिजली, वाळली, पॉलिश होऊन बाजाराला गेली, दुकान निघालं. आणि त्यातली तीन वर्षं आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूची. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली तेव्हा उपकेंद्राच्या सिस्टर घरी आल्या होत्या. त्यांनी औषधाचं फार काही सांगितलं नाही. म्हणाल्या, “दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. पाठ, कंबर आणि टाचा रोज डोळ्यांनी बघायच्या. लाल दिसलं की मला फोन.” मी मोबाइलला गजर लावला. दिवसा हिशोब चुकायचा, रात्री कधी चुकला नाही. आत्याबाई गेल्या तेव्हा त्यांच्या पाठीवर एकही जखम नव्हती. शेवटची आंघोळ घालताना ते बघणारी मी एकटीच होते, आणि तिथंच कुठं तरी नर्सिंग शिकायचं हे सगळं सुरू झालं असावं. प्रतिज्ञापत्रात मात्र यासाठी रकाना नाही.

नर्सिंगची शाळा निवडायला मी निघाले तेव्हा कोरी नव्हते. माझ्या खात्यावर एक चूक जमा होती. दुकान टाकलं त्या पहिल्याच उन्हाळ्यात गल्लीतली एक पोरगी पत्रक घेऊन आली. एक वर्षाचा नर्सिंग कोर्स, नोकरीची हमी, पांढऱ्या टोपीतल्या पोरींचा फोटो. मी फॉर्म भरला, फोटो स्कॅन केला, पन्नास रुपये घेतले. पोरीच्या बापानं सोयाबीनचे पैसे फीला घातले. वर्षानं प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा कळलं, की त्या संस्थेला नर्सिंग कौन्सिलची मान्यताच नव्हती. मान्यता नाही म्हणजे नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही म्हणजे नर्स नाही. ती पोरगी आज एका खासगी दवाखान्यात बेडपॅन उचलते. काम हलकं नाही, हे मला आत्याबाईंमुळं चांगलं ठाऊक आहे. पण तिनं पैसे भरले होते नर्स व्हायला. भारतीय नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७चा आहे, मान्य संस्थांची यादी कौन्सिलच्या संकेतस्थळावर असते. दुकानात इंटरनेट होतं, मी बसले होते संगणकासमोर. बघायला पाच मिनिटं लागली असती.

माझ्यापुढं वाटा फार नव्हत्या. बीएस्सी नर्सिंगला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागतं, वर सीईटी. माझी बारावी कला शाखेची. राहिल्या दोन. दोन वर्षांचं एएनएम करून उपकेंद्रावरची आरोग्य सेविका व्हायचं, की तीन वर्षांचं जीएनएम करून दवाखान्यातली अधिपरिचारिका. जीएनएमला कला शाखा चालते, बारावीला आणि इंग्रजीला चाळीस टक्के लागतात आणि वयाची वरची मर्यादा पस्तीस. मी तेहतीस पूर्ण. एसटी फलाटावरून हलायला लागावी आणि आपण पिशवी सांभाळत पळावं, तसं ते पस्तीस मला दिसत होतं. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं, हेही मनात होतं. तोंडानं कुणाला सांगितलं नाही. आधीच लोक म्हणत होते, “आता शिकून काय करायलीस माय?”

पहिली शाळा पाहिली ती दुकानांच्या गाळ्यांवर दुसऱ्या मजल्याला. काचेचं दार, एसी, चहा. एका खोलीत पलंगावर माणसाच्या मापाचा पुतळा होता, त्याच्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. मी विचारलं, “तुमचा दवाखाना कुठंय?” समोरचे सर हसले. म्हणाले, “मॅडम, तुम्ही संसारी आहात, आम्ही समजू शकतो. नॉन-अटेंडिंग चालेल. परीक्षेला या फक्त.”

खोटं कशाला बोलू, मी विरघळले. परतीच्या गाडीत औंढ्यापर्यंत मी हिशोबच करत होते. लेकरांची शाळा बुडणार नाही, दुकान बंद पडणार नाही, मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, डबा चुकणार नाही, आणि तीन वर्षांनी कागद हातात. माझ्यासारख्या बाईला हवी ती प्रत्येक सोय त्या माणसानं आधीच ओळखून ठेवली होती. नागनाथाच्या गर्दीनं गाडी भरली, एक म्हातारी माझ्या खांद्याला टेकून झोपली, आणि मला आपलं वाटलं, हिला उद्या सुई कोण टोचणार? परीक्षेलाच गेलेली बाई?

मग मी शाळा बघायचं सोडलं आणि दवाखाने बघायला लागले. कौन्सिलच्या नियमात एका विद्यार्थिनीमागं तीन रुग्ण आणि दहा विद्यार्थिनींमागं एक शिक्षक धरलेला आहे. खाटा भरलेल्या नसतील तर पोरी कुणाच्या अंगावर शिकणार? आपल्या भागात खाटा वाढतायत, २०२४ साली हिंगोलीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आलं. पण शाळेच्या पत्रकावरच्या खाटा आणि पेशंट असलेल्या खाटा यांतलं अंतर बाकावर बसूनच कळतं. एका दवाखान्याच्या वॉर्डाच्या दाराशी मी सकाळी आठपासून बसले, नातेवाइकासारखी, हातात डबा धरून. ड्युटी बदलताना रात्रीची पोरगी सकाळच्या पोरीला खाटेखाटेनं सांगत चालली होती: याचं सलाइन संपत आलंय, हिनं रात्रीपासून लघवी केली नाही, डॉक्टरांना सांग. मागं एक मोठ्या सिस्टर होत्या. एका म्हाताऱ्याची चादर त्यांनी उचलून बघितली आणि पोरीला हळू आवाजात असं काही बोलल्या, की ती तिथंच रडवेली झाली. मग दोघींनी मिळून म्हाताऱ्याची कूस बदलली. त्या दवाखान्याच्या शाळेची इमारत जुनी, भिंतीला ओल. हॉस्टेल सक्तीचं. हजेरीत सूट नाही, वयामुळं तर नाहीच, हे तिथल्या बाईंनी मला बसायला सांगायच्या आधी सांगितलं.

मला अपमान वाटला. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पटली.

नर्सिंग हे पोरीबाळींचं शिक्षण, ही समजूत आपल्याकडं कुठून आली कोण जाणे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ साली जर्मनीत कायझर्सवर्थला शिकायला गेली तेव्हा एकतीस वर्षांची होती, घरच्यांच्या मनाविरुद्ध. तिथल्या शुश्रूषेला तिनं पुढं फारसे गुण दिले नाहीत, म्हणजे शाळा निवडताना तीही चुकली म्हणायची. १८६०मध्ये तिच्या नावाची शाळा निघाली ती मात्र लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात. आपल्याकडं रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढलं आणि तिथल्या बायका ससूनमध्ये नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. त्यांत विधवा होत्या, संसार मोडलेल्या होत्या. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचं, मलमूत्र काढायचं काम घरंदाज बाईनं करावं का, यावर तेव्हा पुण्यात केवढं काहूर उठलं असेल! त्यांच्याकडं कुणी खंडाचं प्रतिज्ञापत्र मागितलं नसावं. आयुष्यात खंड पडला होता म्हणूनच तर त्या तिथं आल्या होत्या.

घरी सांगितलं तेव्हा लेक काही बोलली नाही, धाकटा रडला. लेकरांचे बाबा बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “हॉस्टेल सक्तीचंच आहे का?” मी म्हटलं, सक्तीचंच आहे. निर्णय मामांनी केला. आत्याबाईंचा पलंग अजून ओसरीवर आहे, त्यावर बसून ते म्हणाले, “तिची पाठ मी बी बघितली व्हती. जाऊ द्या तिला.” मला वाटत होतं, ती पाठ मी एकटीनंच पाहिली.

प्रतिज्ञापत्रात मी ‘घरीच होते’ तसंच ठेवलं. त्यात खोटं काही नाही, आणि तहसीलच्या माणसाला नवा मजकूर दाखवून दोन चकरा वाढवायची माझी तयारी नव्हती. अर्ज गेला आहे. यादी लागायची आहे. नंबर लागला तर दुकान जाऊबाई बघतील. फॉर्म कसे भरायचे ते त्यांना शिकवतेय, त्यांना अजून पीडीएफ लहान करता येत नाही.

जवळा बाजारला कधी आलात आणि घरातली कुणी नर्सिंगला निघाली असेल, तर पैसे भरायच्या आधी दुकानावर या. कौन्सिलची यादी बघून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही.