ठाकुरवाडीच्या ओसरीवर

पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबली की फलाटावर बटाटेवड्यांचा दरवळ पसरतो. बोरघाटाचा सदतिसास एक असा खडा चढ चढण्यासाठी गाडीला येथे जादा इंजिने जोडली जात, आणि त्या थांब्यानेच दिवाडकरांच्या वड्याला दूरवर नाव मिळवून दिले. कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्या जैन कुटुंबाला मात्र त्या दरवळावरच समाधान मानावे लागते. अशा कुटुंबाने या मुलखात जेवावे कोठे? त्याचे एक उत्तर डोंगराच्या सोंडेवर, ठाकुरवाडीत आहे.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकुरवाडी हे एकाच गावाचे नाव नाही. ठाकर समाजाची घरे जेथे वसली, अशा अनेक वस्त्या त्याच नावाने ओळखल्या जातात. कारवीच्या कुडाला शेणामातीचा लेप, पुढे सारवलेली ओसरी आणि आत चूल, हे जुन्या घराचे रूप. कोथळीगड, ढाक, इर्शाळगड यांच्या वाटांवर येणाऱ्या गिर्यारोहकांना अशा वाड्यांतील कुटुंबे घरचे जेवण देऊ लागली. इटलीत शेतकऱ्याच्या घरी उतरून जेवण्याच्या रीतीला १९८५ साली कायद्याचे रूप मिळाले. महाराष्ट्राचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले. वाडीतील व्यवहार मात्र बहुधा दिलेल्या शब्दावरच चालतो.

नेहमीचे पान म्हणजे तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठले, ठेचा आणि भात. पिठल्यात कांदा, ठेच्यात लसूण असणारच. पान वाढल्यावर त्याला नकार देणे हे चुलीपुढे बसलेल्या मावशींच्या कष्टांचा अवमान करणे होय. म्हणून आदल्या दिवशीच निरोप धाडावा: “मावशी, जमिनीखालचे काही नको, कांदा-लसूण नको, आणि जेवण दिवस मावळण्याआधी हवे.” कारण विचारले तर तेही सांगावे. जमिनीतून कंद उपटला की त्याच्या आश्रयाचे असंख्य जीव जातात, ही गोष्ट रानात राहणाऱ्याला समजावणे अवघड नाही. हिरवी मिरची, जिरे व कोकम एवढ्यावरही पिठले उत्तम होते. त्याच्यासोबत न तापवलेले ताक मात्र घेऊ नये. तसे केल्यास द्विदलाचा दोष लागतो. वालाचे बिरडे ही रायगडची खासियत. पण ते मोड आणून करतात, म्हणून अनेक जैन घरांत ते चालत नाही. तेही आधीच सांगितलेले बरे.

ऋतूचाही विचार हवा. शहरातील गर्दी येथे लोटते ती पावसाळ्यात, धबधब्यांसाठी. तेव्हा वाडीत टाकळा, कुर्डू, भारंगी अशा रानभाज्या शिजतात. परंतु चातुर्मासात अनेक जैन कुटुंबे पालेभाजी वर्ज्य करतात. साधू-साध्वीही या काळात विहार थांबवून एका ठिकाणी राहतात. डोंगराच्या दृष्टीनेही हा काळ जोखमीचाच. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती लागले; सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत. गडावर जाणाऱ्यांना ज्या वाडीने पाणी पाजले, तिच्या ओसऱ्या एका रात्रीत मातीखाली गेल्या. ज्या उतारावर पाहुणा दोन घटका विसावतो, त्याच उतारावर यजमान आयुष्य काढतो, याचे भान त्या वाडीने दिले.

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो. त्या सुमारास भातकापणी उरकत आलेली असते, हवा निवळते आणि नव्या तांदळाची भाकरी पानात येऊ लागते. जैन कुटुंबाने ठाकुरवाडीला यावे ते या दिवसांत. दिवस लहान असतो, सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून पाचच्या आत पाने मांडावीत. पिण्याचे पाणी गाळून, उकळून घेण्याची विनंती करताना सरपण कोणी डोक्यावरून वाहून आणले, हे लक्षात असावे आणि मोबदला देताना घासाघीस करू नये.

जेवण झाल्यावर थाळी धुऊन ते पाणी पिण्याची जैनांची जुनी रीत आहे. शहरातील उपाहारगृहात ती पाळताना काहींना संकोच वाटतो. येथे त्याचे कारण नाही. उतारावरच्या तुकड्यात राबून आणलेल्या धान्याचा एक कणही वाया न घालवणारा पाहुणा कोणत्या धर्माचा, हे त्या घराने विचारले नाही तरी चालते.